साठ लिटर समुद्र

समुद्र घाटाखाली, इथून सव्वाशे किलोमीटर.
माझा त्यातला साठ लिटर
राजारामपुरीत, तेराव्या गल्लीत,
वैजयंताच्या शिलाई मशीनला लागून.

मार्चमध्ये तो आजारी पडला.

आधी दगडांवर हिरवे केस आले,
मग वाळूवर तांबडी साय.
झोआंथसचा तुकडा, अकरा तोंडांचा,
कुणाच्या तरी टाकीत वाढवलेला
(समुद्र त्यानंही बघितलेला नाही),
मिटून बसला, डबीतल्या बटणांसारखा.
आणि हॅमर कोरलचं मांस
हाडावरून मागं सरायला लागलं,
हिरड्या सुटून दात लांब दिसावेत तसं.

मी उद्यमनगरात लेथवर असतो.
माझ्यासाठी बिघाड म्हणजे आवाज.
बेअरिंग कुरकुरलं की शेडच्या दारातूनच कळतं.
पाणी कुरकुरत नाही.

लक्ष्मीपुरीतला इलाही म्हणाला,
एका वेळी एकच गोष्ट बदल
आणि आठ दिवस गप बस.

जुन्या जॉबकार्डांच्या पाठीवर मी वही केली.
खारटपणा पस्तीस. बरोबर.
तापमान सव्वीस, दुपारी लाईट गेली की एकोणतीस.
फॉस्फेट शून्य.
शून्य बघून मी खूश.
इलाही फोनवर हसला,
भावा, ताटं रिकामी दिसली
म्हणजे पंगत उपाशी उठली का?
शेवाळानं खाल्लंय सगळं, तू मोजायच्या आधी.

दिवा दहा तासांवरून सातवर. आठ दिवस.
खाणं निम्मं. आठ दिवस.
समृद्धी मासा बघून माझ्याशी बोलेना.
आरओचा फिल्टर उघडला,
आतली पांढरी कांडी काकवीच्या रंगाची.
बदलली. आठ दिवस.
साय हटली.
केस तिथंच, उलट दाट.
रोज रात्री टूथब्रशनं दगड घासायचो,
काचेवर मॅग्नेट फिरवायचो,
अर्धा आत, अर्धा बाहेर,
सकाळी पुन्हा हिरवं.

एका रविवारी रंकाळ्यावर जाऊन बसलो.
कडेला पाणी मुगाच्या वरणासारखं.
कठड्यावरचे आजोबा म्हणाले, आमच्या वेळी तळ दिसायचा.
मी विचारलं, फॉस्फेट मोजलंय का कुणी?
ते उठून पलीकडं जाऊन बसले.

त्या रात्री मॅग्नेट बाहेर काढला, पुसायला म्हणून.
अंगठ्याला तांबूस लागलं.
हा रंग मला पाठ आहे.
तेवीस वर्षं माझ्या नखांत राहतो तो.
आतल्या अर्ध्याचं प्लॅस्टिक
केसभर चिरलेलं,
आत लोखंड गंजून फुगलेलं.
ज्यानं शेवाळ पुसत होतो
तेच त्याला रोज रात्री जेवू घालत होतं.

हे मी मोठ्यानं बोललो असणार.
वैजयंतानं मशीन थांबवलं,
मॅग्नेट बघितला,
मग माझ्याकडं बघून म्हणाली,
आणि हात?

तेव्हापासून कोपरापर्यंत मोजे.
कामावरून आलो की तीनदा साबण, एकदा लिंबू,
आणि तरीही मोजे.
पाण्यात कार्बनची पिशवी,
रविवारी सहा लिटर काढायचं, सहा लिटर घालायचं,
मीठ बादलीत आदल्या रात्रीच विरघळत ठेवायचं.
मॅग्नेट टाकून दिला नाही. शेडमध्ये माझ्या ड्रॉवरात आहे,
पडलेले स्क्रू उचलतो.

हॅमरची एक फांदी गेली.
तिचं पांढरं हाड समृद्धीनं मागून घेतलं,
कंपासपेटीत ठेवलंय.
दुसऱ्या फांदीचं अजून सांगता येत नाही.
दगडावरचे केस करडे पडलेत,
घासलं की मुळासकट सुटतात.

आज दिवा लागल्यावर अर्ध्या तासानं
झोआंथसची तोंडं उघडली.
चार.
समृद्धी म्हणाली, पाच.
मी चष्मा पुसून पुन्हा मोजली. चार.
वहीत चारच लिहिलं.
शेजारी तिच्यासाठी
पेन्सिलनं एक टिंब.